अकरा कलमांचा हिवाळा

डिसेंबर लागला की आमच्या कामगारांच्या कॅम्पात सगळ्यांना घर आठवायला लागतं. पत्र्याच्या कपाटांतून ब्लँकेटं निघतात, त्यांना वर्षभराचा कोंदट वास असतो, आणि कुणीतरी खोबरेल तेलाची गोठलेली बाटली हीटरवर धरून बसतो. मला मात्र घर आठवत नाही. मला सफरचंदं आठवतात. लांज्याचा माणूस, हयात आंब्याच्या कलमांत गेलेली, आणि थंडी पडली की ह्याला सफरचंदं आठवतात. हसा खुशाल.

आता तर माझी नोकरीच सफरचंदांत आहे. रियाधच्या अल सुलैमध्ये जी गोदामं आहेत ना रांगेने, त्यातल्या एका थंड गोदामात मी आतलं तापमान सांभाळतो. जाड दार ओढलं की आत छतापर्यंत खोकी. कुठल्या कुठल्या देशांतली फळं आठ-आठ महिने तिथे पडून असतात आणि बाहेर काढली की कालच तोडल्यासारखी दिसतात. नव्या पोरांना त्याचं कौतुक वाटतं. मला त्या दारातून आत जाताना दर वेळी दाऊदचाचांचा फ्रीज आठवतो, आणि माझं तोंड कडू होतं.

दाऊदचाचांना मला एक गोष्ट सांगायची होती. चार वर्षं सांगायची होती. फोन लावायचो, मासळीवर बोलायचो, पावसावर बोलायचो, आणि ठेवून द्यायचो. ती गोष्ट काय ते सांगण्यासाठीच हे लिहायला बसलोय. पण मला सरळ सांगता येत नाही, तेव्हा थंडीपासून सुरुवात करतो.

सौदी म्हटलं की आपल्या लोकांना वाळू दिसते. दक्षिणेकडे अल बाहाच्या बाजूला उंच डोंगर आहेत आणि हिवाळ्यात तिथे इतकं धुकं असतं की हातातला कोयता दिसत नाही, हे मी गावी सांगितलं तर कुणाला पटलं नाही. मी आलो होतो रियाधला पाइप फिटर म्हणून. कंपनीचं काम संपलं, माणसं इकडेतिकडे पांगली, आणि कुणीतरी सांगितलं की डोंगरातल्या एका गावाला ठिबकची लाइन बघणारा आणि कलमं बांधता येणारा माणूस पाहिजे. दोन्ही मला येत होतं. लांज्याच्या नर्सरीत मी पंधरा वर्षं हापूसची कलमं बांधली आहेत. माझ्या हातचं कलम सहसा मरायचं नाही. हे वाक्य मी तेव्हा फार ऐटीत बोलायचो.

नोव्हेंबर सरत आला होता. अबू सईद नावाच्या म्हाताऱ्याने मला गाडीतून बागेशी उतरवलं. तो गावातला मोठा माणूस. धुकं जरा वर सरकलं, आणि डोंगराच्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी बांधलेले दगडी गडगे दिसले, अगदी आपल्यासारखे, फक्त दगड काळा. आणि त्या पायऱ्यांवर झाडं. एकाही झाडाला पान नव्हतं. मी शेवर बघितलीय, पांगारा बघितलाय, साग बघितलाय. एखादं झाड उघडं पडतं, शेजारचं हिरवं असतं. इथे सगळी बागच्या बाग खराट्यासारखी उभी. मी मनात म्हटलं, झालं, मेलेली झाडं राखायला आणलं आपल्याला.

तेवढ्यात गडग्यामागून एक जण आला. डोक्याला मफलर, अंगात दोन स्वेटर, पायात रबरी बूट, पांढरी दाढी. मी हिंदीत सुरुवात केली तर तो मराठीत म्हणाला, "लांज्याचा ना तू? मी राजापूरकडचा. खाडीवरचा." मला एकदम घर भेटल्यासारखं वाटलं. ते दाखवायचं नव्हतं म्हणून मी म्हटलं, चाचा, ही तर सगळी मेलीत. त्यांनी जवळच्या फांदीवर अंगठ्याचं नख ओढलं, एवढंसं. खरवडल्या जागी ओला, पोपटी हिरवा रंग. "झोपलीत," म्हणाले.

दाऊदचाचा तीस वर्षांच्या वर त्या एका बागेत होते. ऐन तारुण्यात आले ते कुठल्यातरी शेखच्या बंगल्यावर माळी म्हणून, तिथून ह्या गावात, आणि मग इथेच. बायको गेली तेव्हा ते इथे होते. मुलाचं लग्न झालं तेव्हा महिनाभर जाऊन आले. घरी गेलं की मी पाहुणा असतो, म्हणायचे, सगळी माझ्यासाठी ताजी मासळी आणतात आणि मी कधी जाणार ते विचारतात. हे ते हसत सांगायचे, पण मला ते ऐकवायचं नाही.

आमची एकच खोली होती, दगडी, गोठ्यासारखी बसकी. मधे चूल, एका बाजूला त्यांची गादी, दुसऱ्या बाजूला माझी, आणि कोपऱ्यात जुना फ्रीज, जो हिवाळ्यात बंद केला तरी चालला असता. त्यांच्या नमाजाच्या वेळी मी बाहेर जाऊन उभा राहायचो तर ओरडायचे, थंडीत काय मरायचंय, बस आत. जेवताना आमचं भांडण ठरलेलं, सुकं बोंबील कुणाच्या बाजूचं चांगलं. तिथे ना त्यांची खाडी ना माझी, समुद्र कितीतरी कोस खाली, आणि आम्ही दोघे मसूरडाळीत खुबूसची रोटी बुडवत सुरमईवर भांडायचो. असं सुखाचं भांडण मी पुन्हा कुणाशी केलं नाही.

बाग गावकीची होती. हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. आपल्या कोकणात गावकी म्हणजे काय ते पोटातून कळतं. कुणाचं एक झाड नाही, सगळ्यांची सगळी झाडं. पूर्वी प्रत्येक घरातला एक माणूस छाटणीला यायचा. आता घरं राहिली, माणसं जेद्दाहला आणि रियाधला गेली. उन्हाळ्यात येतात, आठ दिवस राहतात, फळाची खोकी घेऊन जातात. हिवाळ्यात फक्त दोन-चार म्हातारे शुक्रवारी येऊन शेकोटीशी बसायचे आणि बाग ठेवायची की मोडायची ह्यावर बोलायचे. पाणी कमी झालं होतं. खालच्या पायऱ्यांवर पर्यटकांसाठी खोल्या बांधाव्यात, असं त्यांच्या मुलांचं म्हणणं होतं.

सगळ्यात वरच्या पायरीवर, ठिबकच्या लाइनच्या बाहेर, एक म्हातारं झाड होतं. खोडात पोकळी, अर्ध्या फांद्या वाळक्या. गावातलं मूळचं सफरचंद ते. बाकी सगळी बाग बाहेरून आणलेल्या रोपांची होती. त्या जुन्या झाडाचं फळ लिंबाएवढं, दिसायला काही नाही, पण वास असा, की अबू सईदची आई ती फळं कपड्यांच्या पेटीत ठेवायची आणि ईदला सगळ्या घराच्या कपड्यांना तो वास यायचा. हे सांगताना तो म्हातारा स्वतःची बाही हुंगून दाखवायचा. गेली तीस-पस्तीस वर्षं त्या झाडाला फळच धरत नव्हतं. ते मेलं की ती जात संपली.

म्हणून चाचांनी तीन वर्षांपूर्वी त्याच्या काड्या काढून खालच्या पायरीवर कलमं बांधली होती. अकरा लागली. मी गेलो तेव्हा ती माझ्या छातीएवढी होती. येत्या उन्हाळ्यात त्यांना पहिलं फळ धरणार होतं. धरलं असतं तर गावकी ती जात वाढवणार होती, बाग राहणार होती. चाचांचा हात आता थरथरायचा, चाकू धरवत नव्हता, म्हणून माझ्यासारखा हवा होता. त्यांचं वयही झालं होतं. अबू सईदने स्पष्ट सांगितलं होतं की हा शेवटचा इकामा, इथे राहायचा परवाना पुन्हा निघणार नाही. चाचांची त्याला ना नव्हती. मला एकदाच ते म्हणाले, चहा गाळता गाळता, अगदी सहज: "एवढी वर्षं झाली, पण ते फळ मी एकदापण चावलेलं नाय रे. मी आलो त्याच्या आधीच धरायचं बंद झालेलं. ह्या खेपेला चावून बघीन आणि जाईन."

माणसाला इतकंच पाहिजे असतं, आणि तेवढंही दुसऱ्याच्या हातात असतं.

त्या हिवाळ्यातली कामं अजून हाताला आठवतात. छाटणी. आंब्यावर कोयता चालवताना आपण दहा वेळा विचार करतो. इथे चाचा सांगायचे काप, अजून काप, मधून आभाळ दिसलं पाहिजे. माझा हात चालत नव्हता. त्यांनी कात्री घेतली तर ती थरथरायची, म्हणून ते बोटाने दाखवायचे आणि मी डोळे मिटून कापायचो. मग खोडांना चुना. मग मोरचूद-चुन्याची फवारणी, ती मला ओळखीची, त्या निळ्या डागांनी मला पहिल्यांदा तिथे घरच्यासारखं वाटलं. ढासळलेले गडगे रचायचे. आणि माकडं. तिथली माकडं कुत्र्याएवढी, अंगावर झूल पांघरल्यासारखी केसाळ. टोळी उतरली की कोवळ्या फांद्या नुसत्या मजेखातर मोडतात. चाचा डबा बडवत त्यांना राजापुरी शिव्या द्यायचे. मी पोट धरून हसायचो. मोठा म्होरक्या गडग्यावर बसून ऐकून घ्यायचा आणि सावकाश निघून जायचा.

धुकं असलं की मात्र काही हसू यायचं नाही. चार-चार दिवस काही दिसायचं नाही. पाण्याचे थेंब फांद्यांवरून टपटपायचे आणि त्या उघड्या झाडांत एकटं काम करताना मला भीती वाटायची, खरं सांगतो. कोकणात झाड कधी गप्प नसतं. काही ना काही चाललेलं असतं, पालवी, मोहोर, कणी, पानगळ झाली तरी बाजूला कोंब. आणि थंडी ही तर आपली आवडती. थंडी पडली की मोहोर, मोहोर म्हणजे घरात हसू. पौषात गावभर एकच चौकशी, तुमच्याकडे मोहोर आला काय. इथे थंडी म्हणजे नुसतं गप्प पडणं. जेवढी जास्त थंडी, तेवढी झोप गाढ, आणि जेवढी गाढ झोप, तेवढं उन्हाळ्यात फळ, असं चाचा सांगायचे. मला ते डोक्याने कळलं. हाताला कळलं नाही.

जानेवारीत चाचांच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. मोतीबिंदू. त्यांचा भाचा जेद्दाहच्या अल अझीझियात दुकानात होता, त्याच्याकडे तीन आठवडे राहायचं ठरलं. निघताना त्यांनी मला ठिबकच्या टाकीशी नेलं, कलमांच्या पायरीच्या कॉकवर हात ठेवला आणि सांगितलं, हा उघडायचा नाही. काहीही दिसलं तरी उघडायचा नाही. कोंब फुगलेसे वाटले तरी नाही. झोपू दे त्यांना. मी हो हो म्हटलं. गाडीत बसल्यावर काच खाली करून त्यांनी पुन्हा म्हटलं, "रघू, झोपू दे हां."

ते गेले आणि तिसऱ्या दिवशी धुकं गेलं. असं ऊन पडलं की मी स्वेटर काढला. आठवडाभर रोज ऊन, दुपारी अंगाला घाम. अकरा कलमांच्या टोकांवरचे कोंब फुगायला लागले. करडी टोपी फाटून आत गुलाबी रेघ दिसायला लागली. आता आंब्याच्या माणसाने काय करायचं सांगा. पौष महिना, थंडीनंतर ऊन, आणि झाडाच्या शेंड्याला फुगवटा! पंधरा वर्षं मी ह्याचीच वाट बघत जगलो होतो. आणि आपल्याकडे कलम तीन-चार वर्षांचं होईपर्यंत हिवाळ्यात त्याचं पाणी चुकवायचं नसतं. हंड्याने, कळशीने, डोक्यावरून वाहून घालतात, पण चुकवत नाहीत. माती हातात घेतली तर भुकटी. मला ती कलमं तहानलेली दिसायला लागली.

चाचांना फोन केला. डोळ्याला पट्टी, आवाज थकलेला. सांगितलं कोंब फुगलेत. ते म्हणाले, फुगू देत, थंडी परत आली की बसतील, तू पाणी देऊ नको. फोन ठेवला आणि मी मनात म्हटलं, म्हातारा घाबरट झालाय. त्याला माळीकाम येतं, पण कलमांतलं त्याला माझ्याएवढं कळत नाही.

आणि दुसरंही एक होतं. ते सांगायला मला जास्त लाज वाटते, कारण ते चांगलं होतं. पट्टी सुटल्यावर त्या डोळ्याला पहिल्यांदा त्या कलमांची फुलं दिसावीत, असं मला वाटलं. मी कॉक उघडला. चार दिवस सकाळी तासभर. बरोबर मूठमूठ खतही दिलं.

फुलं आली. काय सांगू तुम्हाला. कळी गुलाबी, उमलली की पांढरी, आतल्या बाजूला जराशी लाली. सगळी बाग खराटा, आणि खालच्या पायरीवर अकरा झाडं नटून उभी. मी त्यांच्याभोवती फिरत होतो, एकटाच बोलत होतो. वरचं ते म्हातारं झाड, त्याला लाइनचं पाणी पोचत नव्हतं, ते तसंच उघडं झोपलेलं.

चाचा दुपारी आले. काळा चष्मा काढला. मी त्यांच्या चेहऱ्याकडेच बघत होतो, शाबासकीची वाट बघत. आधी तो चेहरा उजळला, खोटं नाही सांगत. त्यांनी हात पुढे केला आणि एका फुलाला बोट लावलं. मग खाली वाकून माती चिमटीत घेतली. ओली होती. उठले ते आभाळाकडे बघत. नितळ निळं आभाळ होतं, वारा पडलेला. मला रागावले नाहीत. म्हणाले, लाकडं काढ. जेवढी आहेत तेवढी, ओली पण काढ.

दुसऱ्या दिवशी पहाटे हिव पडलं. आम्ही पायरीच्या दोन्ही टोकांना ढीग पेटवले, धूर धरला, पोती आणि ब्लँकेटं कलमांवर टाकली, स्वतःच्या गाद्यासुद्धा. एक कलम चाचांनी आपल्या स्वेटरने गुंडाळलं. उजाडलं तेव्हा गडग्यांवर मीठ पसरल्यासारखं दिसत होतं आणि ठिबकच्या नळ्यांत बर्फ. फुलं अजून पांढरीच होती. मी म्हटलं, चाचा, वाचली. ऊन वर आलं तशी फुलं आतून करडी होत गेली, दुपारपर्यंत भिजवलेल्या चहापत्तीसारखी झाली. फुलं गेली तर गेली, झाड राहील, असं मी स्वतःला समजावत होतो. पण पाण्याने रस वर चढलेला होता. तो सालीत गोठला आणि सालीला उभ्या भेगा पडल्या.

चार दिवसांनी चाचा एकेका कलमापाशी गेले आणि नख ओढलं. अकरा वेळा. दर वेळी आत भुरं. कलमाच्या जोडाच्या खाली, खुंटाला नख ओढलं तर तिथे मात्र हिरवं. म्हणजे मुळं जिवंत, वर बांधलेलं मेलेलं. झोपलेल्या बागेला काही झालं नव्हतं. वरच्या म्हाताऱ्या झाडालाही नाही. मी जागं केलेली तेवढीच मेली.

शुक्रवारी गावकी बसली. अबू सईदने विचारलं, पाणी कुणी सोडलं? तेवढं अरबी मला येत होतं. मला वाटलं, चाचा काहीतरी सांभाळून घेतील, नाहीतरी ते जाणारच आहेत. चाचांनी माझ्याकडे बोट केलं. ह्याने सोडलं, म्हणाले, मी नको म्हटलेलं. सगळे म्हातारे माझ्याकडे बघायला लागले. कुणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं.

मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. एका खोलीत, एका चुलीवर. दोन दिवसांनी त्यांनीच विषय काढला. "मी खोटं बोललो असतो तर गावकी म्हणाली असती, ह्या जातीची कलमं इथे जगत नायत. मग पुन्हा कोण लावणार? पाण्याने मेली, हे त्यांना कळायला पाहिजे." बरोबर होतं. शब्दन्‌शब्द बरोबर होतं. पण मला त्यात फक्त ते बोट दिसत होतं.

गावकीने ठरवलं की चाचांना फेब्रुवारीअखेर घरी पाठवायचं, ठरल्याप्रमाणे, आणि मी उन्हाळ्यापर्यंत थांबून पाहिजे तर एकदा पुन्हा प्रयत्न करायचा. चाचा त्या म्हाताऱ्या झाडावर स्वतः चढले. ह्या वयात, एका नव्या डोळ्याने. शोधून शोधून वीस-बावीस काड्या काढल्या, ओल्या गोणपाटात गुंडाळल्या आणि फ्रीजमध्ये ठेवल्या. मला म्हणाले, मार्चमध्ये खुंटांत रस आला की त्याच खुंटांवर बांध. माझा हात थरथरतो, तुझा चांगला आहे. मी मान हलवली.

निघाले त्या दिवशी मी मुद्दाम टाकीवर कामात होतो. त्यांची गाडी खाली उभी होती आणि मी एक धड असलेला नळ उघडझाप करत बसलो होतो. ते चढून वर आले, धापा टाकत. काहीतरी मोठं बोलतील असं वाटलं. म्हणाले, टाकीचं झाकण लावत जा, माकडं पाणी घाण करतात. मी म्हटलं, हं. गाडी वळणावर दिसेनाशी झाली तरी मी नळच फिरवत होतो.

मार्च आला. खुंटांना खालून धुमारे फुटले, रस चढला, कलम बांधायला ह्याहून चांगली वेळ नाही. आणि त्याच आठवड्यात रियाधहून मित्राचा फोन आला, गोदामात जागा आहे, जामीन राहणारा कफील तयार आहे, लगेच ये. लगेच म्हणजे आठ दिवसांनी गेलो असतो तरी चाललं असतं. अकरा कलमं बांधायला मला एक सकाळ पुरली असती. मी नाही बांधली. का नाही बांधली? रागाने. दुसरं कारण शोधून दमलो, सापडत नाही. अबू सईदला सांगितलं, खलास, मी चाललो. तो म्हणाला, जाताना खोली साफ कर, फ्रीज रिकामा करून उघडा ठेव. मी फ्रीज रिकामा केला. गोणपाटाची ती गुंडाळी सोडून बघितलीही नाही. चुलीपाशी सरपण होतं, त्यावर ठेवली.

रियाधला आल्यावर पंधरा दिवसांनी राजापूरहून चाचांचा फोन. खुशाली नाही, काही नाही, पहिलाच प्रश्न, बांधलीस काय?

"बांधली," मी म्हटलं.

"किती लागली?"

"नऊ."

हे नऊ माझ्या तोंडून कसं आलं मला माहीत नाही. अकरा म्हटलं असतं तर खोटं वाटलं असतं, बहुतेक म्हणून. चाचा इतके हसले की फोनवर खोकला लागला. तिथून पुढे चार वर्षं ती नऊ कलमं मी वाढवत नेली. अबू सईद बघतो म्हणून सांगितलं. गुडघ्याएवढी झाली, कमरेएवढी झाली, एकाला माकडाने मोडलं, आठ राहिली. गेल्या उन्हाळ्यात चाचा म्हणाले, आता फळ धरलं पाहिजे. मी फोनवर खोट्या गारा पाडल्या. ते म्हणाले, असू दे, पुढच्या वर्षी. खरं तर त्या पायऱ्यांवर केव्हाच खोल्या झाल्या होत्या. वरचं म्हातारं झाड मी बाग सोडल्यावर दोन हिवाळे उभं होतं, मग वाऱ्याने पडलं. हे मला अबू सईदनेच कळवलं होतं, फोटोसकट. तो फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहे.

यंदा रियाधला थंडी लवकर आली. एका सकाळी मेट्रोच्या स्टेशनातून बाहेर पडलो तर तोंडातून वाफ निघाली, आणि का कोण जाणे, मी ठरवलं, बस झालं. आज सांगायचं. चाचा, कलमं नाहीत. मी बांधलीच नाहीत. माझं चुकलं. कामावर पोचून गोदामाच्या दाराशी उभं राहून व्हिडिओ कॉल लावला. त्यांच्या सुनेने, रुबिनाभाभीने उचलला. म्हणाली, अब्बा आठवडाभर अंथरुणावरच आहेत, छाती भरलीय, रात्रभर झोप नव्हती, आत्ताच कुठे डोळा लागलाय. पण सकाळीच विचारत होते, रघूचा फोन आला काय, तिकडे थंडी पडली काय म्हणून. उठवू का?

तिने फोन वळवला. पलंगावर चाचा, मफलर बांधलेला, तोंड उघडं, झोपलेले. मला वाटलं, रघू, एकदा तरी ऐक.

"झोपू दे त्यांना, भाभी," मी म्हटलं. "मी शुक्रवारी करतो."

गुरुवारी दुपारी मेसेज आला. मी आत होतो, खोक्यांच्या रांगेत. वाचला. तुम्हाला वाटेल मी रडलो. रडलो, पण नंतर. आधी मला सुटल्यासारखं वाटलं. आता कुणी विचारणार नाही, किती वाढली, फळ धरलं काय. तीस वर्षं एका बागेत घालवलेला माणूस गेला आणि मला आधी बरं वाटलं, हे मी कुठे ठेवू?

दहा दिवसांनी गोदामातूनच भाभीशी बोललो. ती त्यांच्या शेवटच्या दिवसांबद्दल सांगत होती. नातवंडांना रोज सांगायचे म्हणे, उन्हाळ्यात अरबस्तानातून माझी सफरचंदं येतील, लहानशी असतील पण कपड्यांच्या पेटीत ठेवा, मग बघा. मुलांनी पेटीत जागासुद्धा करून ठेवलीय. मग संकोचत म्हणाली, "त्यांना तर खायला नाही मिळाली. पण आली तर दोन-चार पाठवाल ना?"

माझ्या दोन्ही बाजूंना छतापर्यंत खोकी होती.

"पाठवतो," मी म्हटलं, आणि दार ओढून घेतलं, कारण थंडी बाहेर जात होती.